अडीचशे सागांचा हिशेब

परवा बऱ्याच दिवसांनी शेलूला जाऊन आले. आत्याला सोबत घेतलं होतं. डोंबिवलीहून सकाळची कर्जत लोकल पकडली, बदलापूरला निम्मा डबा रिकामा झाला, वांगणी गेलं आणि मग खिडकीतून माथेरानच्या डोंगराची ती लांबलचक भिंत दिसायला लागली. लहानपणी बाबांबरोबर यायचे तेव्हा ही भिंत दिसली की उतरायची तयारी करायची, असा आमचा नियम होता. परवाही हात आपोआप पिशवीकडे गेला.

जाण्याचं कारण तसं साधंच. दादाचा पुण्याहून फोन आला होता. "शेलूच्या जागेला गिऱ्हाईक आलंय. तू जवळ आहेस, एकदा बघून ये, झाडं किती उरलीत ते मोज आणि सांग, काय करायचं." बाबा जाऊन दोन वर्षं झाली. जागेचा विषय कोणी काढत नव्हतं, आता काढावा लागला. नातेवाइकांपैकी बरेच जण हे वाचतात आणि प्रत्येकाने मला वेगवेगळं विचारलंय, म्हणून सगळ्यांना एकदाच लिहिते. पण हिशेब मांडायला बसले तर तो १९९३ मध्ये सुरूच होईना, दीडशे वर्षं मागे गेला. तेव्हा थोडा धीर धरा :-)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९९३ साली बाबांनी शेलूजवळ दहा गुंठे घेतले. तो काळच सागाचा होता. पेपरात अर्ध्या पानाच्या जाहिराती यायच्या, 'आज रोप लावा, वीस वर्षांनी लखपती व्हा'. देशभर अशा कंपन्या निघाल्या होत्या. बाबांना भेटलेला माणूसही त्यातलाच. दहा गुंठे, त्यात अडीचशे सागाची रोपं, पाच वर्षं देखभाल कंपनीची. आमच्या गावच्या सातबाऱ्यावर बाबांचं नाव होतं, म्हणजे कायद्याने ते शेतकरी होते, त्यामुळे शेतजमीन घेता आली. पण तुकडेबंदीच्या कायद्यामुळे एवढ्याशा वरकस तुकड्याचा वेगळा सातबारा होईना, म्हणून सगळ्या गुंतवणूकदारांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामायिक. ते लचांड अजून सुटलेलं नाही, हे दादाच्या गिऱ्हाइकाला अजून कळलेलं नसावं..

अडीचशे हा आकडा कुठून आला तेही सांगते. दोन मीटर बाय दोन मीटरवर एक रोप, म्हणजे प्रत्येकाला चार चौरस मीटर. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. भागाकार करा, अडीचशे. गणित बरोबर आहे, फक्त ते रोपांचं गणित आहे, झाडांचं नव्हे. साग मोठा व्हायचा तर दर काही वर्षांनी विरळणी करावी लागते, निम्म्याहून जास्त झाडं काढून उरलेल्यांना ऊन आणि जागा द्यावी लागते. वन विभागाच्या सागाच्या लागवडी साठ-ऐंशी वर्षांनी तोडणीला येतात. वीस वर्षांत लखपती करणारा साग फक्त माहितीपत्रकात उगवत होता. कंपनीचा माणूस चौथ्या वर्षी दिसेनासा झाला. देशात इतक्या ठिकाणी हेच झालं की १९९७ साली सरकारने असल्या योजना सेबीच्या अखत्यारीत आणायचं ठरवलं आणि १९९९ साली त्यांच्यासाठी नियम आले. तोवर बाबांचे पैसे झाडांत रूपांतरित झाले होते आणि झाडं होती तिथेच उभी होती.

बाबांनी मात्र जागा सोडली नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते शेलूला जायचे. तारेचं कुंपण घातलं. एक वही केली. ती वही या वेळी मी बरोबर नेली होती. बँकेतला माणूस, त्यामुळे नोंदी अगदी चोख. 'एकूण झाडे २४१. मेलेली ४. फांद्या तोडलेली १२. कुंपणाची तार दोन ठिकाणी वाकवलेली.' पुढच्या महिन्यात, 'फांद्या तोडलेली १९.' मग एके ठिकाणी लाल शाईत, 'वाडीवरील एक बाई रंगेहाथ सापडली. कोयता जप्त.'

तो कोयता आमच्या डोंबिवलीच्या माळ्यावर होता. मी लहानपणापासून बघत आलेय. आई तो नारळ फोडायलाही वापरू द्यायची नाही, "दुसऱ्याची वस्तू आहे" म्हणायची.

तर ती बाई फांद्या का तोडत होती? बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, "या लोकांना झाडाची किंमत नाही." मीही तेच धरून चालले होते. मग मध्यंतरी कोलाबा-ठाण्याचा जुना इतिहास वाचताना एक शब्द सारखा सारखा समोर यायला लागला. राब.

कोकणातल्या आणि मावळातल्या लोकांना हे सांगायला नको, पण शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. भाताची रोपं जिथे तयार करायची त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण पसरतात, त्यावर झाडाच्या छाटलेल्या फांद्या म्हणजे कवळ, त्यावर गवत नाहीतर पालापाचोळा आणि सगळ्यात वर थोडी माती. मग मे महिन्यात हे पेटवतात, तेही असं की भडकू नये, सावकाश धुमसत राहावं. राखेचं खत होतं, तणाचं बी जळून जातं, माती भुसभुशीत होते. पहिल्या पावसावर तिथे भात फेकलं की रोप तरारून येतं. कवळासाठी सगळ्यात आवडता ऐन. दरवर्षी फांद्या छाटायच्या, झाड ठेवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा फुटवे. आणि हे सगळं आणायचं कुठून? भाताच्या खाचराच्या वर जी डोंगरउताराची जमीन असते, तिथून. नाचणी-वरी तिथलीच, गवत तिथलंच, राबाचा पालाही तिथलाच. त्या जमिनीला सरकारी कागदात शब्द आहे, 'वरकस'.

मी घरी येऊन आमचा सातबारा काढून बघितला. जमिनीचा प्रकार, वरकस.

म्हणजे ज्या उतारावर बाबांनी कुंपण घातलं तो उतार खालच्या भातशेतीचा अर्धा भाग होता. विकणाऱ्याने कागदावर विकला, आम्ही कागदावर घेतला, सगळं कायदेशीर. पण त्या कागदात राब कुठेच नव्हता.

गंमत म्हणजे (गंमत कसली) हेच भांडण या भागात एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. शेलूवरून जाणारी रेल्वे मुंबईच्या सगळ्यात जुन्या मार्गांपैकी. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे, १८५४ मध्ये कल्याण आणि १८५६ च्या मे महिन्यात पुढे पळसदरी-खोपोलीपर्यंत. १८६३ साली बोरघाट चढून गाडी वर गेली. एक मैल रूळ टाकायचा तर पावणेदोन ते दोन हजार स्लीपर लागतात, शिवाय मुंबई शहर वाढत होतं, त्याला इमारती लाकूड, जळण, कोळसा सगळंच हवं होतं. गाडी आली आणि जंगल बाजाराच्या दारात आलं.

सागाचं प्रस्थ त्याआधीपासूनचंच. आरमाराला साग लागायचा. मराठ्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी साग-शिसव तोडण्याबद्दल लिहिलंय. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की आंबा-फणसाला हात लावू नका, ती झाडं रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, असं बजावलंय. झाड कुणी वाढवलं आणि तोडलं तर दुःख कुणाला होईल, हा विचार एका राज्यकारभाराच्या ग्रंथात आहे. इंग्रजांची जहाजंही मुंबईच्या गोदीत सागाचीच बांधली जात. वाडियांनी बांधलेलं 'ट्रिंकोमाली' १८१७ सालचं, ते इंग्लंडमध्ये आजही तरंगतंय. तिकडे मलबारात नीलांबूरला कलेक्टर कोनोली आणि त्याचा हाताखालचा अधिकारी चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू केली. रोपं रांगेत, मोजून. तिच्यातला एक तुकडा अजून राखून ठेवलेला आहे. आमची दोन बाय दोन मीटरची रांग त्याच घराण्यातली, फार लांबची आणि फार गरीब नातेवाईक.

आपल्याकडे १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. मग १८६५ चा वनकायदा, त्याहून कडक १८७८ चा. जंगलाच्या हद्दी आखल्या, राखीव पाट्या लागल्या. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. ज्या डोंगरावरून लोक पिढ्यान् पिढ्या कवळ आणत होते तिथे आता गार्ड उभा राहिला. सरकारी अधिकाऱ्यांच्या लेखी राब म्हणजे जंगलाचा नाश. शेतकऱ्याच्या लेखी राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत. ठाणे-कोलाब्यात ओरडा इतका झाला की १८८५ साली सरकारला 'बॉम्बे फॉरेस्ट कमिशन' नेमावं लागलं. १८८७ साली त्याचा अहवाल आला. त्यातला राबाचा वाद वाचताना मला सारखी बाबांची वही आठवत होती. तोडलेल्या फांद्या, वाकवलेली कुंपणं, जप्त केलेले कोयते. बाबांनी नकळत दहा गुंठ्यांत एक छोटं जंगल खातं चालवलं होतं.

अर्थात त्या काळी सगळेच अधिकारी काही मूर्ख नव्हते, आणि जंगल तुटत नव्हतं असंही नाही. बेसुमार तुटत होतं. पण तुटलेलं लाकूड जात कुठे होतं हे बघायला हवं. दोष दिसला तो डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईचा, कारण ती समोर दिसत होती. वॅगनमधून गेलेला कोळसा कोणाला दिसला? तो कोळसा पाडायलाही पुन्हा कातकरीच. खैराचा कात काढणारे म्हणून ज्यांना काथोडी म्हणत, त्यांचं जंगल बंद झालं आणि ते ठेकेदाराच्या भट्टीवर गेले. पुढे वीटभट्टीवर. आजही दिवाळीनंतर वाड्याच्या वाड्या रिकाम्या होतात ते त्यामुळेच. रायगडात काही आदिवासींना जंगलातले तुकडे कसायला मिळाले होते, त्यांना दळी म्हणतात. त्या दळ्या नावावर व्हाव्यात म्हणून लोक किती वर्षं भांडले! २००६ च्या वनहक्क कायद्याने निदान दावा करायची वाट तरी उघडली.

या भागातलं जंगल म्हटलं की आणखी दोन तारखा येतातच. एक २५ सप्टेंबर १९३०. उरण तालुक्यातलं चिरनेर, जंगल सत्याग्रह, गोळीबार. आठ सत्याग्रही गेले, त्यात नाग्या महादू कातकरी होता. आपण मिठाचा सत्याग्रह शाळेत शिकतो, पण समुद्रापासून आत राहणाऱ्याने काय करायचं? त्याने जंगलात जाऊन लाकूड तोडायचं, त्याचं मीठ तेच. दुसरी २ जानेवारी १९४३. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले ते सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी त्यांनी उपाशी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या, हे कमी लोकांना माहीत असतं. नेरळच्या हुतात्मा चौकातून आपण माथेरानची टॅक्सी शोधत जातो, तेव्हा तिथे एक मिनिट थांबायला हरकत नाही.

असो. इतिहास खूप झाला, शेलूकडे वळते.

स्टेशनवर उतरलो आणि आत्या म्हणाली, "अगं, हे कुठे आलो आपण?" इमारतीच इमारती. घर घ्यायला कल्याण परवडेना तसे लोक बदलापूरला आले, बदलापूर परवडेना तसे वांगणी-शेलूला. २०२४ साली सरकारने गिरणी कामगारांसाठी शेलू आणि वांगणी इथे ८१ हजार घरांची योजना मंजूर केली आणि कामगार संघटना "आम्हाला मुंबईतच घर हवं" म्हणून विरोधात उभ्या राहिल्या. ज्या मुंबईसाठी इथलं लाकूड गेलं, तिच्या कामगारांना आता इथे यायला सांगतायत.. त्यांचं भांडण मला पटतं आणि इथल्या डोंगराचंही पोटात कालवतं. दोन्ही एकदम.

आमच्या जागेपर्यंत रिक्षा गेली. कुंपण कधीच गेलंय. मी वही काढली आणि बाबांच्याच पद्धतीने रांगेने मोजायला सुरुवात केली. साग १३७. आत्याने साडीचा पदर खोचून दोरीने घेर घेतले, बहुतेकांचा दोन ते अडीच फूट. फर्निचरच्या दुकानात ज्याला सागवान म्हणतात ते याच्यातून निघायला अजून पुष्कळ वर्षं हवीत. पावसाळा नुकताच संपत आलेला, कीड लागून पानांची जाळी झालेली, अगदी जुन्या लेससारखी. लहानपणी कोवळं पान चोळून हात लाल करायचो, ते आत्याला करून दाखवलं. साठीच्या बाईने लगेच ओठांना लावून बघितलं!

पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वरच्या अंगाला, जिथे साग दाट आहे, तिथे खाली जमीन उघडी आहे. सागाच्या मोठ्या पानावर पाऊस साठतो आणि टपोरे थेंब होऊन पडतो, खाली झुडूप नसेल तर माती धुऊन नेतो. तिथे मुळं उघडी पडली होती. खालच्या अंगाला जिथे शंभरएक साग मेले किंवा तोडले गेले, तिथे मात्र ऐन आलेत, कुडा, आपटा, एक काटेसावर, दोन पळस, आणि धावडा की बोंडारा यावर आमचं एकमत झालं नाही. हे कोणी लावलं? कोणीच नाही. जुन्या खुंटांतून आणि बियांतून आपोआप आलं. बाबांच्या वहीत हे सगळं 'इतर झुडपे, काढणे' या रकान्यात आहे.

ऐनाच्या फांद्या छाटलेल्या होत्या. नीट, खोडाला धक्का न लावता, वरचा शेंडा राखून.

वाडीवर गेलो. ती आजी आहे अजून. आता सत्तरीच्या पुढची असेल. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने आधी पाणी दिलं. मी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो उलटासुलटा करून बघितला आणि मुठीवर अंगठा फिरवला. "मूठ आमच्या म्हाताऱ्यानं केलेली," म्हणाली. मग हसली, "गंजला की गं बाय हा."

मी माफी मागितली. काय बोलायचं ते घरून ठरवून गेले होते, ते काही आठवलं नाही. नुसतं "आजी, बाबांचं चुकलं" एवढंच आलं. तिने ना हो म्हटलं ना नाही. "तुजा बापूस लय बोलायचा. पन वनवा लागला तवा आमच्या संगं रातभर व्हता," म्हणाली.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वहीत शोधलं, तर त्या वर्षीच्या मार्चमध्ये फक्त एवढीच ओळ आहे, 'वणवा. ३१ झाडे गेली. वाडीतील लोकांनी मदत केली.' त्यानंतरच्या पानांवर 'फांद्या तोडलेली' हा रकाना आहे, पण त्यात आकडा नाही. मोजायचं त्यांनी थांबवलं होतं. सांगितलं मात्र कोणाला नाही. बाबाच ते..

आजीच्या सुनेने सांगितलं की आता राब पूर्वीइतका कोणी करत नाही. पोरं कामाला कंपनीत जातात, डोंगरावर कवळाला जायला माणूस नाही, युरिया मिळतो. नेरळजवळच्या सगुणा बागेत शेखर भडसावळे यांनी भाताची नवी पद्धत काढली आहे, त्यात गादीवाफ्यावर थेट बी टोकायचं असतं, चिखलणी नाही, लावणी नाही. मग रोप नाही आणि राबही नाही. कदाचित अजून वीस वर्षांनी ऐनाची छाटलेली फांदी कोणाला दिसणारही नाही. ज्या गोष्टीसाठी सरकारला कमिशन नेमावं लागलं, ती आपोआपच थांबते आहे. पण जळण मात्र अजून लागतं. सिलिंडर घरात आहे, भरायला दर वेळी पैसे नसतात.

तर दादा, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. झाडं १३७ उरलीत. तोडायची म्हटलं तर १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याखाली परवानगी लागेल, सामायिक सातबाऱ्यामुळे सगळ्यांच्या सह्या लागतील, आणि एवढं करून जे लाकूड मिळेल त्यात वाहतूक निघाली तरी पुष्कळ. जागा विकली तर पैसे नक्कीच येतील, आणि ज्यांना गरज आहे त्यांना मी नको म्हणणार नाही. तुझ्या घराचा हप्ता मला माहीत आहे.

पण माझं मत विचारशील तर माझा वाटा मला ठेवायचा आहे. वरच्या अंगाची निम्मी बारीक झाडं रीतसर परवानगी काढून विरळायची, ते लाकूड वाडीला द्यायचं, खाली जे आपोआप येतंय ते येऊ द्यायचं, आणि कवळ आणि जळण वाडीने न्यायचं, शेंडा राखून, जसं त्या करतातच. हे तोंडी नको, कागदावर लिहून देऊ. त्या जमिनीच्या बाबतीत आजवरचे सगळे कागद वाडीला वगळून झालेत, निदान एक तरी त्यांना धरून होऊ दे.

दिवाळीत सगळे आमच्याकडे आहात. तेव्हा बसून ठरवू. वही मी टेबलावर काढून ठेवली आहे, मार्चचं ते पान ज्याला बघायचं असेल त्याने बघावं. आणि कोयता कुठे गेला म्हणून आई विचारत होती, तिला सांगितलंय.